कवडूजींची आडवी बाटली

नागपूरजवळ अमरावती रोडवरच्या आमच्या वाडीत ट्रक ड्रायव्हरच्या अंगावर धावून जाणारी माणसं पुष्कळ होती. ट्रकसमोर हात जोडून उभा राहणारा माणूस मात्र एकच. कवडूजी बटलर. ट्रक गोदामाकडे वळायला लागला की हे साठीचे गृहस्थ पांढरा कोट घालून खोलीतून बाहेर यायचे, ड्रायव्हरच्या खिडकीखाली मान वर करून उभे राहायचे आणि हळूच म्हणायचे, "राजे हो, हॉर्न नका देऊ. अंदर झोपून आहे."

ड्रायव्हर बिचारे पंजाबकडचे, कानपूरकडचे. त्यांना वाटायचं, घरात बाई आजारी आहे. "अच्छा चाचा," म्हणून ते गाडी हळू काढायचे. एका सरदारजीने तर परतीच्या फेरीत डझनभर संत्री आणून दिली, "बीबीजी को खिलाना" म्हणून. कवडूजींनी संत्री घेतली, एक एक नाकाला लावून पाहिलं, आणि अर्धी आमच्या घरी आणून दिली.

बीबीजी कोणी नव्हतीच. कवडूजींच्या खोलीत खाटेखाली, ओल्या पोत्यात गुंडाळून, आडवी झोपलेली होती ती एक बाटली. वाईनची. आवाजाने वाईनची झोपमोड होते, ती घाबरते आणि बिघडते, असं त्यांचं पक्कं मत होतं. वाईनबद्दल त्यांचं बाकी सगळं पुढे खरं निघालं. हे एक मात्र मला अजून पटत नाही.

मी तिथल्याच एका गोदामावर मुकादम होतो. शिक्षण चौथीपर्यंत, आवाज मॅट्रिकच्या वरचा. पन्नास हमाल माझ्या एका हाकेत उभे राहायचे. भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत माझी पाचवी खोली आणि कवडूजींची सहावी. मधली भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळे माझं घरातलं ओरडणं त्यांना ऐकू जायचं आणि त्यांचं बाटलीशी बोलणं मला. उन्हाळ्यात ते पोत्यावर पाणी शिंपडता शिंपडता म्हणायचे, "झालं, झालं. जून लागला का कमी होते." पाण्याचा माठ ठेवायची थंड जागा त्यांनी बाटलीला दिली होती. माठ दारात उन्हात. त्यामुळे बाटली गार आणि कवडूजी कोमट पाणी पिऊन राहिले आहेत, असा तो संसार.

मूळचे उमरेडचे. पोरवयात नागपूरला आले, सिव्हिल लाइन्समध्ये एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर लागले, आणि हळूहळू टेबलावर वाढायला चढले. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याने सगळ्या नोकरांना एक एक कागद लिहून दिला, की हा माणूस इमानदार आहे. कवडूजींची पाळी आली तेव्हा साहेबाने पेन बंद केलं, कपाट उघडलं आणि ही बाटली हातात दिली. मग कवडूजी सदर भागातल्या एका हॉटेलात लागले, तिथूनच रिटायर झाले. बायको लवकर गेलेली. मूलबाळ नाही.

"बाकीच्यायले कागद देल्ला," ते सांगायचे. "मले हे देल्ली. हे माझं सर्टिफिकेट आहे, मुकादम."

मी म्हणायचो, "दारूच्या बाटलीचं सर्टिफिकेट! वा रे बटलर!"

"असं नसते मुकादम, असं नसते." हे त्यांचं पालुपद होतं. दर दोन वाक्यांनंतर यायचं. "दारू वेगळी, वाईन वेगळी. दारू माणूस विसरायले पिते. वाईन ध्यानात ठेवायले पिते."

"अन् तुमी काहून पिता?"

"मी कुठं पितो? वास माझा, घोट साहेबाचा. इतक्या वर्षांत एक थेंब जिभेले लागला नाही."

माझा विश्वास बसत नसे. इतकी वर्षं वाईन वाढणारा माणूस कोरडा कसा राहील? मी हमालांना डोळा मारून म्हणायचो, "बटलर रातच्याले घेत असन." एकदा तर मी मुद्दाम भल्या सकाळी त्यांच्याजवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. त्यांना ते समजलं. त्यांनी शांतपणे माझाही वास घेतला आणि म्हणाले, "कालची वांग्याची भाजी. लसूण करपला होता." खरोखर करपला होता, आणि त्यावरून आमच्या घरात भांडणही झालं होतं.

नाक म्हणजे नाक! माझी बायको डाळीला फोडणी द्यायची तर भिंतीपलीकडून आवाज यायचा, "वहिनी, मोहरी झाली, उतरवा." तिला आधी राग यायचा. मग ती मोहरी टाकून आवाजाची वाट पाहू लागली.

वाडीत सगळ्यांना वाईनबद्दल सगळं ठाऊक होतं, कारण कोणीच ती प्यालेलं नव्हतं. बायकांचं म्हणणं, लाल वाईन प्याली की रक्त वाढतं. एक बाळंतीण वाटी घेऊन आली, "बटलरकाका, चमचाभर द्या ना जी." कवडूजींनी तिला बीट खायला सांगितलं आणि वर बाजारातून बीट आणूनही दिलं. हमालांचं म्हणणं, बाटलीच्या बुडाला आतून जो खड्डा असतो तो माल कमी भरायची चोरी असते. "असं नसते." कोणी म्हणे, वाईनमध्ये बर्फ टाकावा. हे ऐकून कवडूजींनी एकदा जेवण सोडलं होतं.

माझं म्हणणं होतं, की पांढरी वाईन हिरव्या द्राक्षांची आणि लाल वाईन काळ्या द्राक्षांची. हे तर शेंबडं पोरही सांगेल.

"असं नसते मुकादम. काळ्या द्राक्षाची बी पांढरी होते. रंग सालीत असते, रसात नसते."

"काळ्याचा रस काळाच. पैज लावा."

त्या हंगामात आमच्या गोदामात काळ्या द्राक्षांच्या पेट्या उतरल्या. एक पेटी फुटलेली होती. कवडूजी आले, हमालांसमोर एक द्राक्ष हळुवार सोललं आणि माझ्या तळहातावर पिळलं. रस पाण्यासारखा. हमाल माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "हे द्राक्ष कच्चं आहे." त्यांनी दुसरं पिळलं. मी म्हणालो, "पेटीच कच्ची आहे." तिसऱ्या वेळी कवडूजी हात धुऊन निघून गेले. हमाल माघारी हसले. मी पुढे दोन दिवस त्यांच्यावर खेकसत होतो. माझा स्वभाव तुम्हाला समजावा म्हणून हे सांगितलं.

या स्वभावापायी माझ्या पोरीची, शकुनची, दोन स्थळं परत गेली होती. एका ठिकाणी मी मुलाच्या बापाला हिशेब शिकवला, दुसऱ्या ठिकाणी मामाला शेती. शकुन बावीस वर्षांची झाली. बायको म्हणाली, "तिसऱ्या वेळी तुमी तोंडात सुपारी ठेवा, बस्स."

तिसरं स्थळ उमरेडचं. मुलगा कोळशाच्या खाणीत टाइमकीपर. मुलगा गरीब स्वभावाचा, त्याचा बाप त्याहून गरीब. घरात चालायचं ते मोठ्या काकांचं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क, सफारी, सोन्याची फ्रेम. मुलगी पाहायला आले तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "आमच्या कॉलनीत दारूले कोणी हात लावत नाही. ऑफिसर लोकांत बसतो कधीमधी, तर थोडी वाईन. वाईन म्हणजे काही दारू नाही, मुकादम." आणि मला त्यातलं काय कळतं हे पाहायला चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

सुपारी तोंडातच होती, पण काय उपयोग!

"मले काय सांगता भाऊसाहेब!" मी म्हणालो. "आमच्या इथं तीस वर्षांची जुनी पडून आहे. असली विलायती."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "तीस वर्षं? मंग तर सोनंच हो! वाईन जितकी जुनी तितकी भारी."

"साक्षगंधाले पाजतो तुमाले."

बायकोने दाराआडून कपाळाला हात लावला.

संध्याकाळी मी कवडूजींकडे गेलो. ते पोत्यावर पाणी शिंपडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"असं नसते मुकादम," ते म्हणाले. "जुनी म्हणजे चांगली, हे कोणं सांगतलं तुमाले? एखादी असते तशी, हजारात. बाकीच्यायचं चार-पाच वर्षांत जे व्हायचं ते होऊन जाते. मंग उतरते. मंग मरते. अन् हे तर नागपूरचे इतके उन्हाळे खाऊन बसली."

"मंग जपून काहून राहिले?"

"बंद आहे तोवर वाईन आहे. उघडली का मंग जे आहे ते आहे."

आज मला या वाक्याचा अर्थ कळतो. त्या दिवशी मला त्यात फक्त कंजूषपणा दिसला. मी म्हणालो, "सरळ सांगा ना, द्यायची नाही म्हणून. मेली म्हणे! मेलेल्याले कोणी पाणी शिंपडते का? तुमच्या डोळ्यासमोर मोठी झाली शकुन. रोज तुमचा माठ भरते. तिच्यासाठी एक बाटली निघत नाही तुमच्या हातून?"

भिंतीपलीकडे शकुन होती. सगळं ऐकत असणार. ती भिंत तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडूजी माझ्या दारात आले. "देतो," म्हणाले. "पण वाढीन मी. माझ्या पद्धतीनं. बाटली तुमच्यासमोर उघडीन अन् पहिला घोट घरधन्याचा. म्हणजे तुमचा. बाकीच्यायले मंग."

मला वाटलं, मला मान देऊन राहिले आहेत. पहिला घोट कशासाठी, हे मी विचारलं नाही. मला न विचारता सगळं कळायचं.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी कवडूजी पहाटेच सदरला गेले आणि जुन्या हॉटेलातून पाच काचेचे उंच पायाचे ग्लास मागून आणले. सायकलरिक्षात ते मांडीवर घेऊन बसले होते, तान्ह्या पोराला धरावं तसे. कोटाला नीळ आणि इस्त्री. बाहेर मांडवात वडाभात, पाटवडी, बुंदी. आतल्या खोलीत गादीवर भाऊसाहेब, मुलाचे वडील, त्यांच्याकडचे दोन म्हातारे आणि मी. दाराशी बायका.

कवडूजी आत आले. हातावर पांढरा रुमाल, रुमालावर बाटली, आडवीच. आधी त्यांनी वाकून मला बाटलीवरचा कागद दाखवला. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मी म्हणालो, "हो, हो." भाऊसाहेबांनी म्हाताऱ्यांकडे मान हलवली, म्हणजे बघा, पद्धत.

मग बूच काढलं. ते निघता निघता तुटलं, अर्धं हातात चुरा होऊन आलं. कवडूजींनी बाटलीचं तोंड रुमालाने पुसलं, माझ्या ग्लासात दोन घोट ओतले, आणि ग्लास माझ्या हातात देण्याआधी तो नाकाजवळून नेला. त्यांचं नाक मी पाहिलं. जे माणसाच्या डोळ्यांत दिसतं ते कवडूजींच्या नाकात दिसायचं. पण त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि एक पाऊल मागे सरून उभे राहिले.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी घोट घेतला. चिंचेच्या कोळात गंजके खिळे उकळावेत, तसं काहीतरी. कानापर्यंत झिणझिण्या गेल्या. जन्मात कधी वाईन प्यालो नव्हतो. मला वाटलं, अशीच असते. सायबांची चीज, आपल्याला काय कळते.

कवडूजी वाकले आणि हळूच म्हणाले, "साहेब, बरोबर आहे ना?"

साहेब! इतक्या वर्षांत मला ते कधी साहेब म्हणाले नव्हते.

"नसन तर तसं सांगा. परत नेतो."

मला वाटलं, हा माझी परीक्षा घेऊन राहिला आहे. चार माणसांत मला अडाणी दाखवतो, आणि बाटलीही परत नेतो. मी मोठ्याने म्हणालो, "फर्स्ट क्लास!"

"नक्की ना, साहेब? एक डाव पाहून घ्या."

"ओता म्हणतो ना!"

त्यांनी ओतली. चारही ग्लासांत सारखी, एक थेंब न सांडता.

भाऊसाहेबांनी ऑफिसर लोकांत बसणाऱ्याचा मोठा घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा नाकावरून घसरला आणि खोकल्याची जी उबळ आली ती थांबेना. एक म्हातारा खिडकीकडे धावला आणि गजांतून बाहेर थुंकला. दुसऱ्याने ग्लास तसाच खाली ठेवला आणि "रामराम" म्हणाला.

"अहो, हा तर सिरका आहे!" भाऊसाहेबांना वाचा फुटली. "लोणच्यातला! मुकादम, पहिले तुमी चाखली ना? फर्स्ट क्लास म्हणे! तुमाले समजते का काही?"

मुलाचे वडील मान खाली घालून बसले.

मला एवढंच म्हणायचं होतं, की मी कधी प्यालो नाही, मला काही समजत नाही, फुशारकी मारली. एका वाक्याचं काम. पण तिसरं स्थळ होतं, आणि मी मी होतो. मी उठून उभा राहिलो. कवडूजींना मी नेहमी अहोजाहो करायचो. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, "अबे बटलर! असली माल कुठं गेला? पिऊन टाकला ना तूनं? अन् मंग सिरका भरून ठेवला! चोरट्या!"

आधी मीच चाखून फर्स्ट क्लास म्हणालो होतो, हे माझ्या आवाजात बुडून गेलं. माझा आवाज तसा होताच.

कवडूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. दारात शकुन पानाचं तबक घेऊन उभी होती, आणि तबकातला अडकित्ता वाजत होता. त्यांनी रुमालाची घडी केली, मनगटावर टाकली.

"हो जी," ते म्हणाले. "गलती झाली."

"पिली का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"हो जी. पिली."

भाऊसाहेब हसायला लागले. ओळखलेल्या चोरासारखं सोपं काही नसतं. "हे बटलर लोक असेच! आमच्या रेस्टहाउसचा बी असाच होता. तुमी साधे माणूस, मुकादम. तुमाले ठगवलं यानं." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग सगळेच हसले. बुंदी आली. शकुनला कुंकू लागलं, ओटी भरली, लग्नाची तीथ ठरली.

कवडूजींनी मागच्या मोरीवर पाचही ग्लास धुतले, पुसले, आणि सदरला पोचवायला निघून गेले. जेवले नाहीत. बायकोने त्यांचं ताट झाकून ठेवलं होतं. ते तिने संध्याकाळी गाईला घातलं आणि मला म्हणाली, "काहो, पहिला घोट तुमी घेतला होता ना?" मी म्हणालो, "तू चूप राय." ती चूप राहिली. फार दिवस राहिली.

पुढे लग्नाच्या खरेदीला सदरला गेलो असताना त्या हॉटेलातला एक म्हातारा वेटर भेटला. मी त्याला सहज म्हणून विचारलं, की बाबा, वाईनचा पहिला घोट घरधन्याला काहून देतात, मान म्हणून का?

तो म्हणाला, "मान कसला? चव पसंत आहे का, असं बी नसते ते. बाटली खराब निघाली का नाही, एवढंच पाह्याचं असते. खराब असन तर साहेब नाही म्हणते, आपण परत नेतो. कोणाची इज्जत जात नाही. त्यासाठीच तं आहे ते."

म्हणजे कवडूजींनी माझ्यासाठी दोनदा दार उघडून धरलं होतं. परत नेतो, म्हणाले होते. एक डाव पाहून घ्या, म्हणाले होते.

मी घरी आलो. शेजारची कडी वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. मनाची समजूत घातली, की त्यानेच तर कबूल केलं, मी काय जबरदस्ती केली? मी समजूत घालण्यात हुशार आहे.

वाडीत बातमी पसरायला दोन दिवस लागले. इतकी वर्षं ज्याला सगळे वाईनचं विचारायचे, त्याला आता पोट्टे "चोर बटलर" म्हणू लागले. हमाल म्हणाले, "मुकादम, तुमी पहिलेच बोल्ले होते, रातच्याले घेते म्हणून." बायको मोहरी टाकून थांबायची. पलीकडून आवाज येत नसे. दोनचार वेळा मोहरी करपली. आणि ट्रक हॉर्न वाजवत वळायचे. कवडूजी बाहेर यायचे नाहीत. ज्या ड्रायव्हरांना काही माहीत नव्हतं ते मला विचारायचे, "चाचा की बीबी कैसी है?" मी म्हणायचो, "ठीक है."

मला मात्र ते रोज "रामराम मुकादम" म्हणायचे. त्यात टोमणा असता तर मला भांडता आलं असतं.

शकुनच्या लग्नाला त्यांना बोलावणं शक्य नव्हतं. भाऊसाहेब काय म्हणाले असते? त्या दिवशी ते खोलीला कुलूप लावून सकाळीच कुठेतरी निघून गेले. पुढच्या महिन्यात कळलं, की उमरेडला पुतण्याकडे राहायला चालले. हातगाडीवर सामान चढत होतं, एक खाट, एक पेटी, एक माठ. मी आत दाढी करून राहिलो होतो. दाराशी त्यांचा आवाज आला, "जातो मुकादम." मी साबण लावलेला असल्याचं निमित्त करून नुसतं "हं" म्हणालो. हातगाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मी एकच गाल तीनदा खरवडला.

दीड वर्षाने शकुनला मुलगा झाला. बारशाला आम्ही एसटीने उमरेडला गेलो. क्वार्टर माणसांनी भरलेलं, पाळणा सजवलेला. भाऊसाहेबांनी मला गादीवर शेजारी बसवलं आणि नव्या पाहुण्यांना सिरक्याची गोष्ट सांगितली. सगळे हसले. मीही हसलो. ती गोष्ट त्या घरात दर कार्यात निघत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात शकुन एक झाकलेलं ताट घेऊन मागच्या दाराने बाहेर जाताना दिसली. बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली होती, म्हणून मी तिला बोलवायला मागे गेलो. कॉलनीच्या भिंतीपलीकडे, हापशीजवळच्या दगडावर, कवडूजी बसले होते. पांढरा कोट, पण आता कोपरांना ठिगळं. शकुन त्यांच्यासमोर ताट ठेवत होती.

"हे काय वं?" मी म्हणालो. "यायले बाहेर काहून बसवलं?"

शकुनने माझ्याकडे पाहिलं. माझी पोरगी मला कधी उलटून बोलली नव्हती. "बाबा, घरात कोण घेईन त्यायले? चोर आहे ना ते. दर बाजाराच्या दिवशी येतात, इथंच बसतात. मी बरी आहे का विचारतात, अन् जातात." आणि ती आत गेली.

कवडूजी म्हणाले, "रामराम मुकादम. नातवाचं अभिनंदन."

"चला अंदर," मी म्हणालो. "चला तुमी. मी सांगतो सगळ्यायले."

"काय सांगसान?"

"का मी... का तुमी पिली नव्हती. मी खोटा बोल्लो."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "अन् मंग? भाऊसाहेबाची जीभ तुमाले माहीत नाही का? आज ते मले हसते. उद्या पोरीले म्हणन, तुझा बाप लबाड. रोज म्हणन, सैपाक करतानी म्हणन. मी कुठं तिच्या घरात राहतो, मले काय होते? तिले तिथंच राह्याचं आहे."

मी म्हणायला हवं होतं, की नाही, चला. त्यांचा हात धरून न्यायला हवं होतं. पन्नास हमालांना हलवणारा माणूस मी. पण खरं लिहितो. ते तसं बोलले, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला बरं वाटलं. हे एवढं कागदावर लिहायला मला इतकी वर्षं लागली.

कवडूजींनी कोटाच्या आतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बाळाचं दुपटं. पांढरं सूत, लाल काठ.

"पुतण्याचा हातमाग आहे," ते म्हणाले. "आमच्या घरचं काम. मी पोरपणी सोडून पळालो होतो. आता बसलो शिकायले, पुतण्या हसते मले. हात थरथरते, एका बाजूचा काठ वाकडा आला. पण सूत मऊ आहे, पाहा. लेकराले टोचणार नाही."

मी हात लावला. मऊ होतं.

"हे तुमी द्या. माझ्या नावानं गेलं तर कोणी पांघरणार नाही त्याले. आज्यानं आणलं म्हणा."

मी ते घेतलं. "जेवा," एवढंच म्हणालो आणि आत गेलो.

बाळ पाळण्यात होतं. मी दुपटं उलगडून त्याच्या अंगावर घातलं. बायका पुढे सरसावल्या, हात फिरवून पाहू लागल्या. भाऊसाहेबांनी चष्मा वर करून सूत चिमटीत धरलं. "वा, मुकादम! हातमागाचा माल. अन् आमच्याच गावचा. कुठून शोधला? तुमाले पारख आहे हो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. पाळण्याची दोरी धरून शकुनही.

मी म्हणालो, "आहे थोडीशी."

शकुन खाली वाकली आणि तो वाकडा काठ तिने बाळाच्या अंगाखाली हळूच दुमडून घेतला.